वीस, सत्तावीस की तीस?

मार्च १९०१. कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावरची चर्चा आटोपत आली होती आणि लॉर्ड कर्झन उत्तराला उभा राहिला. देशाचा मोठा भाग नुकताच दुष्काळातून बाहेर पडत होता. गुजरातेत तर त्या 'छप्पनच्या दुष्काळा'चे नाव काढले की लोक पुढे कितीतरी वर्षे शहारत. अशा वेळी कर्झनने सांगितले की हिंदुस्थानातल्या माणसाचे सरासरी उत्पन्न वर्षाला ३० रुपये आहे, वीस वर्षांपूर्वी ते २७ होते, म्हणजे ते वाढलेच आहे. या हिशेबात अंदाजाचा भाग आहे हे त्याने कबूल केले, पण बोलण्याचा रोख स्पष्ट होता. देश दरिद्री होत चालला आहे अशी ओरड करणाऱ्यांना तो उत्तर देत होता.

ओरड करणारेही गप्प बसणारे नव्हते. त्याच वर्षी लंडनमध्ये दादाभाई नौरोजींचा हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचा जाडजूड ग्रंथ निघाला. त्याच वर्षी विल्यम डिग्बी या इंग्रज पत्रकाराचे पुस्तकही आले. त्याच्या नावातला 'समृद्ध' हा शब्द डिग्बीने मुद्दाम अवतरणचिन्हांत टाकला होता. डिग्बीचा आकडा वीस रुपयांच्याही खाली होता.

माणशी उत्पन्न वीस की तीस, यावर एवढे रण माजावे हे आज वाचणाऱ्याला गमतीचे वाटेल. दोन्ही आकडे उपासमारीचेच. पण भांडण खरे तर दहा रुपयांचे नव्हतेच. दारिद्र्य किती हे ठरले की कर किती योग्य हे ठरणार होते, आणि दारिद्र्य किती हे सांगण्याचा अधिकार कोणाचा, सरकारी दप्तराचा की वर्तमानपत्रांचा, हा प्रश्न त्याच्याही आधीचा होता.

वादाची सुरुवात दादाभाईंनी केली होती. १८७६ मध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे त्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. सरकारच्याच प्रांतवार अहवालांतून पिकाखालची जमीन, एकरी उतारा आणि भाव घेऊन त्यांनी १८६७ ते १८७० या काळातले माणशी उत्पन्न काढले. ते आले २० रुपये. मग त्यांनी एक बेरकी गोष्ट केली. तुरुंगातल्या कैद्याला पोसायला आणि कपडे द्यायला सरकारला किती खर्च येतो, हे तुरुंग खात्याच्या अहवालांतून काढून त्यांनी या आकड्याशेजारी ठेवले. कैद्याचे पारडे जड निघाले. ज्याने काही गुन्हा केला नाही त्या सरासरी रयतेच्या वाट्याला गुन्हेगाराइतकेही अन्न येत नाही, हे सांगायला मग वेगळ्या विशेषणांची गरज उरली नाही.

इंडिया ऑफिसातल्या अधिकाऱ्यांनी दादाभाईंच्या हिशेबातल्या चुका काढल्या; दादाभाईंनी त्यांना पानेच्या पाने उत्तरे दिली. १८८२ मध्ये अर्थमंत्री इव्हलिन बेअरिंग (पुढे इजिप्तमध्ये लॉर्ड क्रोमर म्हणून गाजलेला तोच) आणि डेव्हिड बार्बर यांनी सरकारी पाहणी करून २७ रुपये हा आकडा दिला. दादाभाईंनी विचारले, हिशेब दाखवा. सरकारने तपशील द्यायला नकार दिला. कर्झनने १९०१ मध्ये तुलनेसाठी घेतलेला २७ चा आकडा हाच. बेरीज जाहीर करायची आणि खालची मांडणी झाकून ठेवायची, अशा आकड्यावर विश्वास कोण ठेवणार?

मात्र या सरकारी आकड्याच्या आधी भुकेचे दिवस आले होते. १८७६ चा पाऊस दख्खनात दगा देऊन गेला. सोलापूर, विजापूर, नगर, पुण्याचा पूर्व भाग, खाली मद्रास इलाखा आणि म्हैसूर, सगळीकडे हाहाकार. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने दुष्काळ पाहायला सर रिचर्ड टेंपलला पाठवले. टेंपलचा इतिहास मोठा मासलेवाईक होता. १८७३-७४ मध्ये बिहारात दुष्काळ पडला तेव्हा त्याने ब्रह्मदेशातून भरपूर तांदूळ आणवला आणि भुकेने माणसे जवळजवळ मरूच दिली नाहीत. बक्षीस म्हणून उधळपट्टीचा ठपका मिळाला. लंडनच्या 'इकॉनॉमिस्ट'ने तर त्याला असे सुनावले की अशाने आपल्याला जगवणे हे सरकारचे कर्तव्य आहे अशी हिंदी लोकांची समजूत होईल! टेंपल धडा शिकला, आणि तो धडा १८७७ मध्ये दख्खनच्या पोटावर बसला.

दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाला १ पौंड धान्य आणि वर एक आणा, असा दर टेंपलने जानेवारी १८७७ मध्ये लावला. १ पौंड म्हणजे साधारण अर्धा शेर. तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची, माती वाहायची. मद्रासचा सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश याने या खुराकावर माणूस काम करून जगू शकत नाही असे सरकारला लेखी सांगितले. मुंबई इलाख्यात मजुरांनी ते आपल्या पायांनी सांगितले. हजारो माणसे कामावरून उठून गेली.

ही सगळी हकिकत सरकारच्या दारात नेऊन ठेवण्याचे काम पुण्याच्या सार्वजनिक सभेने केले. १८७० मध्ये स्थापन झालेल्या या सभेचा प्राण म्हणजे गणेश वासुदेव जोशी, लोकांचे 'सार्वजनिक काका'. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत लिटनने व्हिक्टोरिया राणीला 'कैसर-ए-हिंद' म्हणून जाहीर करण्याचा थाटमाट मांडला, तेव्हा काका हाताने कातलेल्या सुताची पांढरी खादी नेसून तिथे गेले आणि सभेचे मानपत्र देताना इंग्रज प्रजेच्या बरोबरीचे हक्क मागून आले. इकडे पुण्यात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतल्या आपल्या माणसांकडून पाऊस, पीक, भाव, कामे, स्थलांतर यांची खबर मागवून 'दुष्काळाची हकिकत' सरकारकडे पाठवण्याचा सपाटा लावला. त्यात रडगाणे कमी आणि तपशील फार. कलेक्टरचा अहवाल काही म्हणो, अमुक तालुक्यात ज्वारी काय भावाने विकते आहे हे सभेला ठाऊक असे. सरकारी कागदाला समांतर कागद उभा करण्याची ही महाराष्ट्रातली पहिली मोठी खटपट. तिच्यामागे न्यायमूर्ती रानड्यांचे डोके होते, हे पुण्यात उघड गुपित होते.

दुष्काळात ब्रिटिश मुलखातच पन्नास लाखांवर माणसे गेली. मग सरकारला सुचले की पुढच्या दुष्काळासाठी वर्षाला दीड कोटी रुपये बाजूला टाकावेत. पैसा कुठून आणायचा? लिटनच्या सरकारने १८७८ मध्ये व्यापारी आणि कारागिरांवर लायसन टॅक्स बसवला. साहेब लोकांचे पगार मोकळे, वकील-डॉक्टरांची फी मोकळी, आणि किराणा दुकानदार, तेली, सोनार यांच्यावर मात्र बोजा! सुरतेत एप्रिल १८७८ मध्ये दुकाने बंद झाली, दंगल उसळली आणि गोळीबार झाला. हा पैसा दुष्काळाशिवाय कशालाही हात लावू देणार नाही असे आश्वासन लिटनने दिले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस अफगाण युद्ध सुरू झाले आणि दुष्काळनिधीचे काय झाले हे विचारायची सोय राहिली नाही.

विचारणाऱ्यांची सोयही लिटनने आधीच करून ठेवली होती. १४ मार्च १८७८ ला, एका दिवसात, देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा मंजूर झाला. जिल्हाधिकाऱ्याने छापखानेवाल्याकडून जामीन मागावा, लिखाण आवडले नाही तर तो जप्त करावा, आणि वर कोर्टात दाद नाही. इंग्रजी पत्रांना हा कायदा लागू नव्हता. म्हणून कलकत्त्याच्या 'अमृत बझार पत्रिके'ने रातोरात बंगाली सोडून इंग्रजीचा वेश घेतला. पार्लमेंटात ग्लॅडस्टनने या कायद्यावर कडाडून हल्ला चढवला आणि १८८२ मध्ये रिपनने तो काढून टाकला. गंमत अशी की ज्या पत्रांवर काडीइतका विश्वास नाही असे सरकार सांगत होते, त्याच पत्रांचे इंग्रजी गोषवारे दर आठवड्याला तयार करून अधिकाऱ्यांच्या टेबलांवर जात. बदमाष म्हणायचे आणि वाचायचेही!

न्याय्य कर म्हणजे काय, याचे उत्तर ज्याच्या त्याच्या खिशावर अवलंबून होते, हे मान्य करायला हवे. आपल्याकडे प्राप्तिकर आणला तो जेम्स विल्सनने, १८६० मध्ये. हा विल्सन म्हणजे 'इकॉनॉमिस्ट'चा संस्थापक. बंडाचा खर्च भागवायला २०० रुपयांवरच्या उत्पन्नावर त्याने कर लावला आणि त्याच वर्षी कलकत्त्यात तो वारला. त्याला सर्वांत मोठा विरोध कोणी केला असेल, तर मद्रासचा गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन याने. त्याने आपला विरोधाचा खलिता सरळ वर्तमानपत्रांत छापवला. गव्हर्नरानेच सरकारची लाज वेशीवर टांगली म्हणून त्याला विलायतेत परत बोलावले गेले. वर्तमानपत्रांतून फोडाफोडी करण्याचा मान असा एका लाटसाहेबाकडे जातो.

प्राप्तिकर मग येत-जात राहिला. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत काँग्रेसची पहिली बैठक भरली. पुण्यात कॉलरा उद्भवला म्हणून ती ऐनवेळी मुंबईला हलवावी लागली होती. तिथे ७२ प्रतिनिधींनी लष्करी खर्चवाढीला विरोध केला. पण खर्च वाढणारच असेल तर आधी आयात जकाती पुन्हा बसवा आणि लायसन टॅक्समधून सुटलेल्या सरकारी-बिनसरकारी वर्गांनाही त्यात ओढा, असा ठराव केला. पुढल्याच महिन्यात सरकारने १८८६ चा प्राप्तिकराचा कायदा केला. वर्षाला ५०० रुपयांच्या खाली माफी. २००० पर्यंत रुपयाला ४ पै, त्यावर ५ पै. म्हणजे महिना बेचाळीस रुपयांचा कारकून कचाट्यात, आणि श्रीमंतावर जास्त दर म्हणावा तर फरक एका पैचा. शेतीचे उत्पन्न पूर्ण माफ होते. कारण शेती सारा देतेच असे म्हणता येत होते, आणि रयतवारी मुलखात ते खरेही होते. पण बंगालच्या कायमधाऱ्याच्या जमीनदारांना याचा केवढा लाभ झाला असेल! पुण्या-मुंबईच्या पत्रांत कारकुनाच्या ४ पैंवर बरेच लिहून आले. बंगाली जमीनदाराच्या माफीवर त्या मानाने फार थोडे.

पुण्यातलाच एक माणूस ही सगळी चर्चा तिसऱ्या बाजूने पाहत होता. जोतीराव फुल्यांचे म्हणणे असे की सरकार खोटे बोलते हे खरे, पण शेतकऱ्याच्या नावाने बोलणारे भटजी-वकील आणि त्यांची पत्रेही शेतकऱ्याची नाहीत. १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे त्यांनी मांडले की सरकारचा महसूल येतो कष्टकऱ्यांच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये तर त्यांनी शेतसाऱ्यावरचा लोकल फंड, मिठावरचा कर, जकात, टोल यांची एकेक करून झडती घेतली. या पुस्तकाची गंमत म्हणा की शोकांतिका म्हणा, सत्यशोधकांच्या गोटातल्या 'दीनबंधू'त सुरुवातीची दोन प्रकरणे छापून आली आणि पुढली छापण्याचे धाडस झाले नाही. जोतीराव चिडले. टीका केवळ केसरीवाल्यांवर नव्हती; आपल्यातलेही भेकड निघाले याचा त्यांना राग होता.

२ मार्च १८८८ ला पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी होती. यजमान जोतीरावांचे स्नेही हरी रावजी चिपळूणकर. झगझगीत पोशाखांच्या गर्दीत जोतीराव शिरले ते गुडघ्याएवढे धोतर, फाटके मुंडासे आणि घोंगडी अशा शेतकरी वेषात. राणीच्या मुलाला त्यांनी सांगितले की तुमची खरी रयत ही अशी आहे, इथे दागिन्यांत बसलेली माणसे नव्हे. कुठल्याही वर्तमानपत्राच्या मध्यस्थीशिवाय केलेले हे निवेदन होते.

वर्तमानपत्रांचा विश्वास ढळण्यासारखे काही त्यांच्याच हातून घडतही असे. 'केसरी' निघून वर्ष-दीड वर्ष झाले नव्हते तोच १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर तुरुंगात गेले. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतो आहे अशी बोंब पत्राने केली होती आणि पुरावा म्हणून दिवाण माधवराव बर्वे यांची म्हणून काही पत्रे छापली होती. ती पत्रे बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, तरी खटला टळला नाही. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. सुटून आले तेव्हा लोकांनी मिरवणूक काढली. पत्रे खोटी होती याने लोकांच्या प्रेमात काही फरक पडला नाही. ही गोष्ट सरकारला कधीच कळली नाही, आणि संपादकांना फार लवकर कळली.

१८९६ मध्ये पुन्हा पाऊस गेला. तोवर सार्वजनिक सभेची सूत्रे टिळकांच्या हाती आली होती. रानडे-गोखले बाहेर पडून त्यांनी डेक्कन सभा काढली होती. टिळकांचा डाव वकिली होता. १८७७ च्या दुष्काळानंतर सरकारने दुष्काळाचे नियमपुस्तक तयार केले होते. पीक बुडाले तर सारा तहकूब करण्याची, माफ करण्याची तरतूद सरकारच्याच नियमांत होती. टिळकांनी ते नियम मराठीत आणून खेडोपाडी पोहोचवले आणि 'केसरी'तून शेतकऱ्याला सांगितले की हा तुझा हक्क आहे. पीक नसेल तर कर्ज काढून, गुरेढोरे विकून सारा भरू नकोस. सभेचे कार्यकर्ते ठाण्या-कुलाब्यात सभा घेऊ लागले. प्रो. अच्युतराव साठे यांच्यावर खटला भरला गेला. सरकारचे म्हणणे की ज्यांना सारा भरता येतो त्यांनाही हे लोक भरू नका म्हणतात. १८९७ मध्ये मुंबई सरकारने जाहीर केले की सार्वजनिक सभेशी यापुढे सार्वजनिक प्रश्नांवर पत्रव्यवहार करणार नाही. वीस वर्षांपूर्वी ज्या सभेचे कागद सरकार निदान दाखल करून घेत असे, तिचे दारच बंद झाले.

त्यात प्लेग आला. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या देखरेखीखाली गोरे सोजीर घराघरांत शिरून तपासणी करू लागले. शहर अफवांनी भरले, आणि सगळ्याच अफवा नव्हत्या.

गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा लंडनला होते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे त्यांनी एप्रिल १८९७ मध्ये साक्ष दिली होती. दादाभाई त्या कमिशनचे सदस्य होते. साक्षीची तयारी करताना गोखल्यांना रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी या आकडेशास्त्रात मुरलेल्या हेडमास्तरांनी मदत केली होती. दोन दिवसांच्या उलटतपासणीत तीस वर्षांच्या या पुणेरी प्राध्यापकाचा एकही आकडा कोणाला हलवता आला नाही. आणि मग त्यांनी एक गोष्ट आकड्यांशिवाय सांगितली. पुण्याहून मित्रांची पत्रे आली होती की सोजीरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतल्या एकीने जीव दिला. गोखल्यांनी हे 'मँचेस्टर गार्डियन'ला सांगितले. जुलैच्या सुरुवातीला ते छापून आले, पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले, गव्हर्नर सँडहर्स्टने साफ इन्कार केला.

तोवर पुण्यात वेगळेच घडले होते. २२ जूनच्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाहून परतताना गणेशखिंडीत रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'जस्टिस' या टोपणनावाने कोणी 'केसरी'तल्या लिखाणाकडे बोट दाखवत होते. नातू बंधूंना खटल्याशिवाय १८२७ च्या रेग्युलेशनखाली उचलण्यात आले. २७ जुलैला टिळकांना अटक झाली. सप्टेंबरात सहा युरोपियन ज्यूररांनी दोषी आणि तीन हिंदी ज्यूररांनी निर्दोष म्हटले, आणि न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी सुनावली. सरकारवर प्रेम नसणे हाही अप्रीतीचाच गुन्हा, असा अर्थ स्ट्रेचींनी ज्यूरीला समजावला होता.

गोखले जुलैअखेर मुंबईत उतरले ते या वणव्यात. ज्यांनी पत्रे लिहिली त्यांतला एकही पुढे येऊन साक्ष द्यायला तयार झाला नाही. नावे सांगितली तर मित्र गोत्यात, न सांगितली तर आपण खोटे. गोखल्यांनी नावे सांगितली नाहीत. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांनी वर्तमानपत्रांतून गव्हर्नरची आणि सैनिकांची बिनशर्त माफी मागितली. इंग्रजी पत्रांनी त्यांना खोटारडा ठरवले आणि देशी पत्रांनी भित्रा. टिळक तुरुंगात गेले आणि मोठे झाले, गोखले घरी आले आणि लहान झाले, असा तेव्हाचा एकूण बाजारभाव होता. पुढल्या वर्षी प्लेगच्या कामात ते स्वयंसेवक म्हणून गल्लोगल्ली फिरत होते.

या प्रकरणाने गोखले घडले असे म्हणणे थोडे नाट्यमय होईल, कारण आकड्यांची आवड त्यांना आधीपासून होती. अंकगणिताचे क्रमिक पुस्तक लिहिणारा माणूस तो. पण यानंतर त्यांनी ऐकीव गोष्टीवर कधी भिस्त ठेवली नाही. सरकारला सरकारच्याच वहीत पकडायचे, हा त्यांचा शिरस्ता झाला.

ऑगस्ट १९०१ मध्ये मुंबई कायदेमंडळाची बैठक पुण्यात भरली. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत देताना ती विकता-गहाण ठेवता येणार नाही अशी अट घालणारे बिल समोर होते. सरकार म्हणे, यामुळे शेतकरी सावकाराच्या तावडीतून वाचेल. फिरोजशहा मेहता म्हणत, शेतकरी सावकाराकडे जातो तो तुमचा सारा ठरल्या तारखेला भरायला. आधी सारा सैल करा. सरकारपक्षाला यात वकील आणि सावकारांचा हात दिसत होता, आणि तो संशय अगदीच निराधार होता असे नाही. बिल रेटले जाणार हे दिसताच मेहता उठून बाहेर पडले. त्यांच्यामागे गोकुळदास पारेख, भालचंद्र कृष्ण, दाजी आबाजी खरे, आणि सभात्यागाची मुळीच हौस नसलेले गोखलेही. बिलाचा कायदा झाला.

शेतसाऱ्याच्या वादात कर्झनने मात्र एक गोष्ट वेगळी केली. निवृत्त सनदी अधिकारी रमेशचंद्र दत्त यांनी सारा आणि दुष्काळ यांचा संबंध दाखवणारी जाहीर पत्रे त्याला लिहिली, तेव्हा त्याने ती धुडकावली नाहीत. प्रांतांकडून उत्तरे मागवून जानेवारी १९०२ मध्ये सविस्तर ठराव प्रसिद्ध केला. दुष्काळ सारा जास्त असल्याने पडत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष. दत्तांना तो पटला नाही. पण टीकेला छापील, तपशीलवार उत्तर देणे हे लिटनच्या काळात कल्पनेतही नव्हते.

२६ मार्च १९०२ ला गोखले कलकत्त्याच्या मंडळात पहिल्यांदा अंदाजपत्रकावर बोलायला उभे राहिले. या मंडळात अंदाजपत्रकावर मत देता येत नसे. वर्षातून एक दिवस बोलायचे, व्हाइसरॉयने उत्तर द्यायचे, संपले. अर्थमंत्री सर एडवर्ड लॉ यांनी घसघशीत शिल्लक दाखवली होती आणि तिच्यातच देशाच्या भरभराटीचा पुरावा पाहिला जात होता. गोखल्यांनी त्या शिल्लकीचे पोट फाडून दाखवले.

हिशेब समजून घेण्यासारखा आहे. विलायतेत दरसाल पाठवायची रक्कम पौंडांत ठरलेली असे. १८९४-९५ च्या सुमारास रुपयाचा भाव घसरून १३ पेन्सवर आला होता. म्हणजे २४० पेन्सच्या एका पौंडाला साडेअठरा रुपये मोजावे लागत. ही तूट भरायला म्हणून कर वाढवले गेले. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणाला दोनाचा अडीच रुपये झाला. १८९३ मध्ये सरकारने खासगी चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या होत्या; पुढे काही वर्षांत रुपया महागला आणि १६ पेन्सवर स्थिरावला. आता पौंड १५ रुपयांना पडू लागला. प्रत्येक पौंडामागे साडेतीन रुपये वाचले, पण त्या तुटीसाठी बसवलेले कर जिथल्या तिथे राहिले. शिल्लक दुसरी-तिसरी कसली नव्हती. रयत दुष्काळात मरत असताना तिजोरी भरते, याचा अर्थ रयत सुखी आहे असा नव्हे. तिच्याकडून गरजेपेक्षा जास्त काढले जात आहे एवढाच त्याचा अर्थ, असे गोखल्यांनी मांडले. मिठाचा खप लोकसंख्येच्या मानाने वाढत नाही, हे त्यांनी सरकारी तक्त्यांतून दाखवले. मागण्या तीनच महत्त्वाच्या: मिठावरचा कर कमी करा, प्राप्तिकराची माफी ५०० वरून १००० वर न्या, आणि लँकेशायरच्या समाधानासाठी देशी गिरण्यांच्या कापडावर १८९६ मध्ये बसवलेली साडेतीन टक्के जकात उठवा.

भाषणात एकही पत्र, एकही कानगोष्ट नव्हती. सरकारला नाकारता येईल असा कागद त्यांनी हातात घेतलाच नाही. देशी पत्रांनी भाषण रकानेच्या रकाने छापले, त्यात पाच वर्षांपूर्वी त्यांना भित्रा म्हणणारीही होती.

पुढल्या वर्षी, १९०३ च्या अंदाजपत्रकात, मीठ मणाला २ रुपयांवर आले आणि प्राप्तिकराची माफी १००० वर गेली. महिना बेचाळीसवाला कारकून सुटला. मीठ १९०५ मध्ये दीड रुपया, १९०७ मध्ये १ रुपया झाले. कापडावरची जकात मात्र १९२५ पर्यंत हलली नाही, कारण तिथे गाठ मँचेस्टरच्या मतदारांशी होती. आणि शेतसारा, ज्याच्यापासून हे सगळे सुरू झाले होते, तो कर्झनच्या ठरावात थोडा मऊ भाषेत गुंडाळून होता तिथेच राहिला. फुल्यांच्या घोंगडीवाल्या शेतकऱ्याला मिठाखेरीज या सगळ्यातून फारसे काही मिळाले नाही.

गोखल्यांचे वर्तमानपत्रांशी पुढे नीट जमले असेही नाही. १९१० मध्ये सरकारने पुन्हा छापखान्यांकडून जामीन मागणारा कायदा आणला. मदनमोहन मालवीय आणि भूपेंद्रनाथ बसू यांनी विरोध केला. गोखल्यांनी नाखुशीने का होईना, पाठिंबा दिला. टिळक त्या वेळी मंडालेत होते, 'केसरी'तल्या लेखांबद्दलच. पुण्यात गोखल्यांना याबद्दल जे बोलले गेले ते छापण्यासारखे नव्हते, आणि नव्या कायद्याखाली छापताही आले नसते.

१९१५ मध्ये गोखले गेले. १९२३ मध्ये अर्थमंत्री बेसिल ब्लॅकेट यांनी तूट भरायला मिठावरचा कर, जो मधल्या काळात सव्वा रुपया झाला होता, तो अडीच रुपये, म्हणजे बरोबर १८८८ च्या दरावर, नेण्याचे सुचवले. आता मात्र मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून आलेल्यांचे बहुमत होते आणि त्यांना मत देता येत होते. त्यांनी वाढ फेटाळली. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने आपला खास अधिकार वापरून ती मंजूर करून घेतली. देशी पत्रे वर्षभर त्यावर तुटून पडली, आणि १९२४ मध्ये मीठ पुन्हा सव्वा रुपयावर आले.